आज ‘खो’ची पाळी

हॅलो?... हॅलो, सूनबाई, मी बोलतेय, तुझ्या सासूची थोरली बहीण... हो, झालं जेवण. तिला दे फोन... काय झालं?... चमचा हवा होता आणि चप्पल म्हणाली?... आणि तू ताटाशेजारी चप्पल आणून ठेवलीस?... अगं रडतेस काय वेडे, गंमत बघ ना. मेंदूचा झटका आल्यापासून बोलताना तिचं घर चुकतं, पण गल्ली तीच असते. परवा पाणी मागताना पायमोजा म्हणाली... बघ, तिथेही ‘पा’च. मला तर वाटतं, डोक्यात शब्द पहिल्या अक्षराने शेजारी-शेजारी राहत असतील. एकाचं दार वाजवावं तर दुसराच डोळे चोळत बाहेर येतो...

हं... शब्द शिकवायला येतात त्या बाई काय म्हणाल्या?... रोज बोलतं ठेवा?... आणि हसली, चिडली की कधी कधी पटकन सुटतो शब्द?... असं म्हणाल्या?... बरं. चिडवायचं काम माझ्याकडे. फोन तिच्या हातात दे, तूही कान लाव, पण मध्ये बोलू नकोस.

हॅलो, अगं मी... ताट?... ताट नाही गं, ताई. चालेल, मीही तशी गोलच आहे... ऐक, आज ‘खो’चे शब्द. मी पहिली. खोली... तुझी पाळी... होऊ दे वेळ. आयुष्यभर टेलिफोनवर बसून लोकांच्या लायनी जोडल्यास, आता तुझी जोडायला थांबते मी... हं... खोका? वा. माझं, खोडरबर... हा शब्द आहे की खरा खोकला?... बरं, खोकला धरला...

काय?... नको? ‘नको’ला ‘न’ येतो बाई... दमलीस? अगं ऐक ना, मग नुसती गोष्ट ऐक. बाबांनी आपल्याला वरच्या खोलीत कोंडलं होतं, आठवतं?... हो, तीच. मी खिडकीतून उडी मारली. खाली मगर... हो, मगर, डबक्यातली. तिच्या पाठीवर पाय दिला आणि पलीकडे... हसतेस काय? बरं, मगर सोड. पण उडी मीच मारली. तू बसली होतीस खिडकीत, भोकाड पसरून...

काय ‘मी’?... मी म्हणजे मीच, तेच तर सांगतेय... तू? तू कुठली उडी मारतेस. रडूबाई होतीस. बाबांनी पाठ थोपटली ती माझी... हो, माझीच. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी...

हं... काय?... खो... हो, ऐकतेय... खोट... सूनबाई, गप्प. तिचं तिला काढू दे...

काय म्हणालीस?

परत म्हण... खोटारडी?

अगं, अख्खा आला. कुठून बाहेर पडला गं हा, कुणाच्या शेजारून?... खोकल्याच्या? सांग ना... बरं, बरं. उडी तूच मारलीस. पाठ तुझीच थोपटली, मी तर खिडकीला घट्ट धरून... हॅलो?... हॅलो?

आपटला वाटतं फोन. चिडली की अशीच आपटायची.