मावशीच्या गोधडीतला गुलाबी

…न्हाई न्हाई, मला सांगा, एक टिक मारायला माणसाला किती वेळ लागतो? छोटा चौकोन असतो, त्याच्यावर माऊस न्यायचा, टक्… झालं! अन् तेवढी टिक मी, भागवत, वडीगोद्रीत हायवेला लागून बावीस वर्षं फोटू स्टुडिओ चालवून राह्यलेला माणूस, ज्याच्या पाटीवर ठळक अक्षरात 'रंगांची गॅरंटी' लिहिलंय, त्या मी मारली न्हाई! एक टिक, तुम्हाला सांगतो, एकच!

टिक कशाची म्हणता? सांगतो, पण आधी मावशी सांगावी लागंल. साळूबाई मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, शहागडला असते, गोधड्या शिवते. शिवते म्हंजे… आमच्या अख्ख्या खानदानात तिच्या गोधडीत मुतलं न्हाई असं लेकरू सापडायचं न्हाई, मी धरून! पण नाव? कोणी कधी म्हणलं का, ही साळूबाईची गोधडी? ज्यानं बारशात दिली, त्याचं नाव! अन् बाई रंगाची अशी पक्की, की चिंधीला चिंधी जोडायच्या आधी दोन्ही घेऊन अंगणात जाणार, उन्हात धरणार, डोळे बारीक करणार, "ऊं हूं… ह्या दोघींचं जमायचं न्हाई," अन् पुन्हा घरात! जमल्याशिवाय सुईला हात न्हाई. तर तिनं एक गोधडी केल्ती यंदा, हिरवी, पिवळी, निळी, अन् मधोमध वीतभर गुलाबी. तो गुलाबी म्हंजे तातेराव काकांच्या, मावशीच्या मालकांच्या, लग्नातला पटका. काका जाऊन सात वर्षं झाली, पटका उंदरांनी खाल्ला, राह्यला तो एवढाच तुकडा.

आता पुण्याच्या एक मीनाताई हायेत, त्यांची वेबसाईट हाय, हातच्या गोधड्यांची. फोटू पसंत पडला की गोधडी वेबसाईटवर, अन् खाली शिवणारणीचं नाव. मी मावशीला सांगितलं, तर म्हणते, "नाव म्हंजे… साळूबाई असं?" म्हणलं, पूर्ण, मावशे! साळूबाई तातेराव गाढे! बाईनं त्या दिवशी मला तीनदा चहा पाजला, अन् तिन्ही वेळा साखर टाकायची राहिली.

काढला मी फोटू. आता कॅमेऱ्यात असं असतं बघा, रंगाचे जणू दोन डबे असतात, एक लहान, एक मोठा. जालन्याला एका शिबिरात ऐकलं होतं, मोठ्या डब्यात रंग जास्त मावतात. मंग मोठा असताना लहान कोण घेणार? सांगा ना! घेतला मोठा! माझ्या स्टुडिओतल्या भारी स्क्रीनवर उघडला, अन् अहाहा… गुलाबी असा की बोट लावलं तर बोटाला लागंल! दिला पाठवून. बाबा रे, जगाला ज्या मोबाईलवर बघायचाय, त्या मोबाईलवर आपण एकदा उघडून बघावा… बघितला? न्हाई! पाठवताना खाली टिकचा चौकोन होता, तिकडं बघितलं? न्हाई! एक टिक, तुम्हाला सांगतो, एकच!

दोन दिवसांनी मीनाताईंचा फोन. "भागवतराव, टाके फार सुरेख आहेत हो, पण कापडं अगदीच विटलेली दिसतायत. रंग ताजे असते तर घेतली असती."

आता शहाण्या माणसानं काय करावं? आपल्या फोटूवर शंका घ्यावी. पण मी कोण? रंगांची गॅरंटी! मी मावशीला फोन लावला अन् काय म्हणलो… आठवलं की जीभ हासडावी वाटते… म्हणलो, "मावशे, कापडंच जुनी गं, त्याला फोटू काय करणार?"

मंग म्हणाली, "बराबर हाय बाबा. सत्तरीचे डोळे माझे. मला आपलं ताजंच दिसून राह्यलं होतं."

अन् मी फोन ठेवून जेवायला बसलो हो! दोन भाकरी खाल्ल्या!

पुढं चार दिवसांनी शेजारचा मुबारक आला, त्याचं फ्लेक्सचं दुकान हाय. मी म्हणलं, बघ रे, असा असा फोटू, अन् नापास झाला. त्यानं तो आपल्या मोबाईलवर उघडला, नाक वर केलं, म्हणतो, "भागवतभाई, ये फोटू बीमार है क्या? ताप आलाय त्याला!" मी बघितलं… गुलाबीची पार राख! मुबारक म्हणला, "अरे, वेबसाईट को तुम्हारा बडा डब्बा समझताच नै! फोटू भेजते वक्त छोटे डब्बे में पलटाने का. ये देखो, इधर… टिक." टक्! माझीच फाईल, माझाच फोटू, अन् गुलाबी हासत बाहेर! म्हंजे रंग कुठं गेलेच नव्हते, आतमधे बसून होते बिचारे! एक टिक, एकच!

पाठवला तसाच. अर्ध्या तासात मीनाताई, "अहो, ही तर दुसरीच गोधडी वाटतेय! नाव टाकतेय, आजच्या आज. एका बाईंना हीच हवीये, लगेच पाठवा!"

गाडीला किक मारली न् निघालो. हायवेला ट्रकांची ही रांग, पण मला काय दिसतंय? मनात एकच, मावशीला आधी नाव दाखवायचं, मंग चहा, साखर घालून!

अंगणात शिरलो. दोरीवर गोधडी वाळत होती. म्हंजे… गोधडीच असंल. हिरवं न्हाई, पिवळं न्हाई, निळं न्हाई, अख्खी एकरंगी, वांग्यासारखी! अन् मावशी उभी, कोपरापर्यंत दोन्ही हात जांभळे. माझ्याकडं बघून हासली. म्हणते, "दुकानातून रंगाची पुडी आणल्ती. चांगल्या उकळत्या पाण्यात दोनदा बुडवून काढली. आता काढ फोटू… आता न्हाई ना विटकी दिसत?"

खिशात हात घातला.

मोबाईल पुढं धरला. तिनं जांभळे हात पदराला पुसले, डोळे बारीक केले, अन् गुलाबीवर बोटं ठेवली. बोटं सरकली, चित्र मोठं झालं, अन् सगळ्या काचेवर काकांचा पटका! मंग म्हणाली, "हाच. म्हंजे माझे डोळे बराबर होते?"

"बराबर होते, मावशे."

"मंग तू जुनी कापडं का म्हणलास रे?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! तिनं शिव्या न्हाई दिल्या, चहा ठेवला.

वेबसाईटवर नाव आलंय बरं का. साळूबाई तातेराव गाढे, पूर्ण. वरती फोटू, रंग एकदम ताजे, बघणारा थांबतोच. अन् खाली लिहिलंय, 'उपलब्ध नाही'.

परवा मावशी स्टुडिओत आल्ती. म्हणते, "भागवता, दुसरी शिवते मी, तशीच. बाकीचे रंग जमवले. तुझ्या कम्प्युटरात लई रंग हायेत म्हणतोस ना, मंग तेवढा वीतभर गुलाबी काढून दे."

करोडो हायेत हो रंग माझ्याकडं. मोठ्या डब्यात हायेत, लहान डब्यात हायेत. वीतभर चिंधी न्हाई. टिक मात्र मारतो आता… रोज मारतो.