झुबेरच्या सोबतीला

मी मूळची सिन्नरची, नाशिकजवळचं सिन्नर. आमच्याकडे तेव्हा घरोघरी बायका विड्या वळायच्या, माझी आई पण वळायची. मी बारावी झाले आणि लग्न झालं. आमचे हे लेथवर काम करणारे, सातपूरला कंपनीत होते, ती कंपनी बंद पडली, मग ह्यांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं की दुबई-शारजाच्या पुढे उम्म अल कुवैन आहे, तिथे वर्कशॉपमधे टर्नर पाहिजे. हे सगळ्या नातेवाइकांना दुबईला चाललो म्हणून सांगून आले आणि राहिले उम्म अल कुवैनला. काय सांगू ताई तुम्हाला, मी पहिल्यांदा आले ना, तर मला वाटलं ह्यांनी मला फसवून भलतीकडेच आणलंय. एकीकडे खाडी, एकीकडे नुसती गॅरेजं आणि वर्कशॉपं, मधे आमची बिल्डिंग, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. रडले होते मी. आता इतकी वर्षं झाली की सिन्नरला गेलं की तिथेच करमत नाही.

ओंकार इथलाच. इथेच जन्मला, इथेच शाळेत गेला. मी शाळेच्या बसवर आहे, ड्रायव्हर पुढे, मी पोरांबरोबर. बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं असतं, रोज, एखादं लहान पोर झोपलेलं राहिलं आणि ह्या उन्हात बस बंद झाली तर, नको, तो विचारसुद्धा नको. पगार काही फार नाही हो, पण स्टाफच्या मुलाला फीमधे सवलत, म्हणून तर मी ते काम धरलं. ओंकारला इंजिनिअर करायचं, पुण्याला पाठवायचं, हे आमचं ठरलेलं.

आणि झुबेर. झुबेर म्हंजे समोरच्या फ्लॅटमधला, पेशावरकडचे ते, वडील पाण्याचा टँकर चालवतात. तो आणि ओंकार एका वयाचे, एका वर्गातले. दोन्ही घरांत मिळून वाढले बगा, आमच्याकडे पोहे केले की झुबेर हजर, आणि त्याच्या अम्मीने काही गोड केलं की वाटी आमच्याकडे. ती मला भाभी म्हणते. खाली पार्किंगमधे पोरं क्रिकेट खेळायची, झुबेर बॉलिंग टाकायचा, इतकी जोरात टाकायचा की त्याच्या मागे विकेटकीपर म्हणून कुणी उभं राहायला तयार नसायचं, आमचा उभा राहायचा. तळहात लाल करून घरी यायचा. मी म्हणायचे, दुसऱ्या कुणाला उभं करा की. तर म्हणायचा, नोबडी एल्स कॅन, आई.

मग शाळेत जोसेफ सर आले, केरळचे, पीटी शिकवायचे. त्यांनी बेसबॉल सुरू केला. मला काही त्यातलं कळायचं नाही, ओंकारने समजावलं की क्रिकेटसारखंच, पण बॉलला टप्पा नाही, एकाने टाकायचा, त्याला पिचर म्हणतात, आणि त्याच्या समोर एकाने उकिडवं बसून झेलायचा, तो कॅचर. म्हंजे पार्किंगमधलंच की. झुबेर पिचर झाला आणि ओंकार कॅचर. दुबईत मॅचेस व्हायला लागल्या, शनिवारी-रविवारी जोसेफ सर ह्या दोघांना गाडीतून घेऊन जायचे, आणि दोघं बारावीत असताना तिथे एक अमेरिकन माणूस आला. मोठ्या क्लबचा होता, देशोदेशी फिरून पोरं शोधणं हेच त्याचं काम. बॉलचा वेग मोजायचं मशीन होतं त्याच्याकडे. झुबेरचे बॉल मोजले, परत मोजले, आणि पुढच्या आठवड्यात आम्हा दोन्ही घरांना शारजातल्या एका हॉटेलात चहाला बोलावलं.

माणूस वाईट नव्हता हो. नीट बसून समजावलं त्याने, जोसेफ सर हिंदीत सांगत होते. तो म्हणाला, अमेरिकेबाहेरची पोरं घेण्यासाठी प्रत्येक क्लबला वर्षाची एक रक्कम ठरवून दिलेली असते, त्याच्यावर जाता येत नाही. त्यातले बरेचसे पैसे तिकडच्या बेटांवरच्या पोरांना जातात, डोमिनिकन रिपब्लिक म्हणून देश आहे, तिथली पोरं लहान वयातच हेरून ठेवलेली असतात, त्यांना आधीच शब्द दिलेला असतो. काही क्लब आपल्या वाट्यातले पैसे दुसऱ्या क्लबला देतात आणि बदल्यात खेळाडू घेतात. आणि वर्ष संपत आलं की जे उरतं ते पुढच्या वर्षी नेता येत नाही, मग ते अशा ठिकाणी टाकून बघतात, जिथून आजवर कुणी घेतलेलं नाही. आम्ही त्या उरलेल्यात होतो ताई. नोव्हेंबर होता तेव्हा.

झुबेरला दीड लाख डॉलर. म्हंजे साडेपाच लाख दिरहम, आपले सव्वा कोटीच्या वर. त्याच्या वडलांनी जोसेफ सरांना दोनदा विचारलं, मग तिथेच डोळे मिटून बसून राहिले. ओंकारला दहा हजार डॉलर. छत्तीस-सदतीस हजार दिरहम, आपले साडेआठ लाख धरा. मी विचारलं, दोघांत इतका फरक का? मी बाईमाणूस विचारलं म्हणून हे माझ्याकडे बघायला लागले. तो अमेरिकन म्हणाला, मॅडम, दहा हजारापर्यंतचे पैसे त्या ठरलेल्या रकमेत धरतच नाहीत. क्लबला ते जड होत नाहीत, म्हणून तुमच्या मुलाला घेता येतंय. चांगली बातमी म्हणून सांगितलं त्याने. मी मान हलवली, पण ते धरतच नाहीत हे माझ्या डोक्यात राहिलं.

दुसरी गोष्ट म्हंजे क्लबचा कॅम्प त्या डोमिनिकन रिपब्लिकमधेच, तिकडे फेब्रुवारीतच निघायचं, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमधे. हे म्हणाले, परीक्षा होऊ द्या, मग पाठवतो. तर नाही, कॅम्प सुरू होतो, थांबता येत नाही. ह्यांनी मग एक दिवस विचार केला आणि सही केली. दुबईतल्या बर दुबई भागातून पेढे आणले आणि सगळ्या वर्कशॉपला वाटले.

निघायच्या आधी थोडे दिवस राहिले होते, झुबेरची अम्मी हलवा घेऊन आली. बसली, रडायला लागली, इतक्या लांब चाललाय म्हणून. मी तिची समजूत घालतेय, आणि ती माझा हात धरून म्हणते, भाभी, मैंने तो उनको साफ कह दिया था, ओमकार जाएगा तो ही मेरा झुबेर जाएगा, अकेले नहीं भेजूँगी. तब जा के उन्होंने ओमकार का नाम लिखा.

ती हे माझ्यावर उपकार केले म्हणून सांगत नव्हती बरं का. प्रेमाने सांगत होती. तिला वाटलं मला आनंदच होईल. मी हातातली वाटी खाली ठेवली. म्हंजे माझ्या पोराला त्याच्या खेळासाठी घेतलं नव्हतं. झुबेरला तिकडे एकटं वाटू नये, जेवताना कुणीतरी बोलायला असावं, म्हणून घेतलं होतं. आणि त्यासाठी आम्ही त्याला बारावी सोडायला लावत होतो.

संध्याकाळी हे आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग काय झालं? मी सुद्धा कुणाच्या तरी ओळखीनेच आलो ना इथे? एकदा आत शिरला की दाखवेल काय आहे ते. मी म्हटलं, अहो, त्यांना बघायचंच नसेल तर कुणाला दाखवेल? तर चिडले. म्हणाले, तू त्याच्या नशिबाच्या आड येऊ नकोस. आमचं तसं कधी भांडण होत नाही, पण त्या दिवशी झालं, आणि दोन-तीन दिवस आम्ही बोललो नाही.

मग रविवारी सकाळी मी कणीक मळत होते, ओंकार स्वयंपाकघरात खाली बसून ग्लव्हला तेल लावत होता, आणि मला राहवेना. पाठ त्याच्याकडे करूनच मी सांगून टाकलं, बाळा, तुला त्यांनी झुबेरच्या सोबतीला घेतलंय.

तो म्हणाला, आय नो, आई.

मी वळले. तुला कुणी सांगितलं? म्हणाला, कुणी नाही, आय न्यू दॅट डे इटसेल्फ, त्या माणसाने माझा एकसुद्धा थ्रो मोजला नाही. मी म्हटलं, आणि तुला काही वाटत नाही? म्हणाला, वाटतं ना. बट आय अॅम गुड, आई. लेट देम टेक मी फॉर द राँग रीझन. मग थोडा वेळ तेल लावत राहिला, आणि मराठीत म्हणाला, तू झुबेरला सांगू नकोस हं, त्याला माहीत नाहीये.

फेब्रुवारीत गेला तो.

तिकडचं ऐकाल तर, राहायची-खायची सोय चांगली होती, तक्रार नाही. सगळी पोरं स्पॅनिश बोलणारी, त्यांनी आपापल्या पैशांतून गावाकडे घरं बांधलेली. काहींच्या शिकवणाऱ्यांनीच त्यातला मोठा हिस्सा घेतलेला, असं ओंकार सांगायचा. मी बसवरून दुपारी घरी यायचे तेव्हा तिकडे सकाळ, तेव्हा तो फोन करायचा. झुबेर कसा टाकतो हे सांगायचा. मी विचारायचे, तू खेळलास का? तर म्हणायचा, प्रॅक्टिसमधे झेलतो ना, रोज. मॅचमधे मात्र क्वचित घ्यायचे. तिकडच्या एका कोचने म्हणे त्याला सांगितलं होतं की तुझे हात चांगले आहेत. ते त्याने मला फोनवर दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

जुलैमधे झुबेरचं कोपर गेलं. आतला काहीतरी दोरीसारखा भाग असतो तो फाटला, ऑपरेशन करावं लागणार आणि वर्षभर मॅच नाही. क्लबने त्याला अमेरिकेत नेलं, मोठा डॉक्टर, सगळा खर्च त्यांचा. जोसेफ सर म्हणाले, ज्याच्यावर पैसे टाकलेत त्याला ते सांभाळणारच. आणि ऑगस्टच्या शेवटी ओंकारला ऑफिसात बोलावलं, शेकहँड केला, थँक यू म्हटलं आणि घरी जायचं तिकीट दिलं. खलास. तो फोनवर रडला नाही. म्हणाला, आई, इट मेक्स सेन्स. त्याचं ते शहाण्यासारखं बोलणं मला सहन होईना.

इथला नियम तुम्हाला माहीत आहे, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की इथला व्हिसा जातो. त्याचाही गेला. इथे जन्मलेलं पोर, एअरपोर्टवर व्हिजिटवाल्यांच्या लाइनीत उभं. बाहेर आला तर एकदम खांदे रुंद झालेले आणि तोंड एवढंसं. नंतर ह्यांनी धावपळ करून त्याचा व्हिसा परत काढला. पण पोरगं खोलीच्या बाहेर येईना. त्याच्या वर्गातली पोरं कॉलेजात गेलेली, आणि हा बारावी न झालेला. हे रोज कामावरून आले की त्याच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि परत फिरायचे. त्या दहा हजार डॉलरमधून टॅक्स कापून जे आलं ते तसंच बँकेत आहे. हे म्हणतात इंजिनिअरिंगच्या फीला होईल. ओंकार म्हणतो, मला नकोत ते.

आणि मी झुबेरच्या अम्मीशी बोलणं सोडलं. तिची चूक नाही, मला कळतं. तिने एक आई म्हणून केलं. पण लिफ्टमधे ती दिसली की मी फोन बघायला लागते. ती अजून वाटी पाठवते, सणाला, शुक्रवारी. पूर्वी मी तिची वाटी कधी रिकामी परत केली नाही. आता धुऊन, पुसून, रिकामी पाठवते. तिलाही कळतं ते. तरी परत काहीतरी येतंच.

आता बरं आहे तसं. जोसेफ सर येऊन गेले, ओंकारशी दार लावून खूप वेळ बोलले, त्यानंतर त्याने ओपन स्कूलमधून बारावीचा फॉर्म भरला. अभ्यास करतो. संध्याकाळी सरांच्या मैदानावर जातो, लहान पोरांना झेलायला शिकवतो. हसतो कधीकधी. पुण्याचं नाव काढलं की मात्र इन्शाल्ला म्हणतो, इथल्या लोकांसारखं, म्हंजे पुढे विचारू नका.

गेल्या आठवड्यात झुबेर आला, सुट्टीवर. त्याला हळूहळू टाकायला परवानगी मिळाली आहे म्हणे. सामान आपल्या घरात टाकलं आणि आधी आमच्याकडे आला. ओंकार मैदानावर होता, मी एकटीच. कोपरावर एवढा मोठा व्रण. दारातच उभा राहिला, आत येईना, मी ये म्हटलं तरी. म्हणाला, आंटी, मैंने उनसे बोला था ओंकार को वापस ले लो. दो बार बोला. वो बोले, इस साल का पैसा नए लड़कों के लिए है. मग खाली बघून म्हणाला, मुझे अम्मी ने अपनी शर्त वाली बात अभी बताई. पहले पता होता तो मैं जाता ही नहीं.

ताई, इतके महिने मी मनातल्या मनात त्या पोराला काय काय बोलले होते, तुम्हाला सांगायला नको. ते सगळं तोंडाशी होतं. आणि त्याने मान खाली घातली, त्यांच्यात मोठ्या माणसापुढे घालतात तशी, डोक्यावर हात ठेवावा म्हणून. मी ठेवला. म्हटलं, हात बरा होऊ दे तुझा, खूप खेळ. तोंडातून निघालं. मनातून निघालं की नाही, ते मला आजही नाही सांगता येत. पण तो मान खाली घालून उभा होता तोवर मी हात काढला नाही.