फळीला पाठ

नाय मॅडम, तिकडून नका उतरू, तिथं मांडीपर्यंत रुताल. बांधावरच बसा, त्या गोणीवर — व्हय, तीच, कोरडी हाय. मी नाय येत वर. पाहुण्या माणसाला पाठ करून बोलणं बरं नाय, सगुणा वहिनीनं बघितलं तर मला झोडेल — पण भरती चढतेय, आणि ह्या फळीला पाठ नाय लावली तर फळी राहात नाय. उघाडी म्हंजे बांधातली मोरी. तिला लाकडाची झाप असते, खाडी भरली की खाडीचंच पाणी ती दाबून बंद करतं. ती झाप तुटली. पावसाच्या आधी तुटली, अर्जावर अर्ज झाले. तोवर फळी. आणि फळीला माणूस. गावात पाळ्या लावल्यात, आज ह्या घराची, उद्या त्या घराची. कंपनी? सोडली. धाटावला हेल्पर होतो, ठेकेदाराकडं. आता दादूसची, माझ्या थोरल्या भावाची, पाळी मी करतो — कोण करणार दुसरं?

तुम्ही नियम लिहिणार ना? त्या करंटच्या पिस्तुलाचे? मला सरपंच बोलला, मुंबईहून मॅडम येतायत, नीट बोल, शिव्या देऊ नको. नाय देत. शिव्या देऊन झाल्या. आता घसा पण कंटाळला.

वाचा ना तुमचं काय लिहिलंय ते. मला वाचायला येतं, पण हळू — सातवीत सोडली शाळा. वाचा. ... आधी मोठ्यानं सांगायचं. तीनदा सांगायचं. बरोबर. छातीवर मारायचं नाय. पोटुशी बाईवर नाय. उंचावरच्या माणसावर नाय. पाण्यात उभ्या माणसावर नाय — हां, थांबा. हा आधीपण होता काय? होता? मग तो शिपाई, दादूसवर करंट मारणारा तो प्रविण, चौकशीत काय बोलला ठाऊक हाय तुम्हाला? बोलला, इसम चिखलात होता, पाण्यात नव्हता. बघा हो माझ्या पायाकडं. हे काय हाय? चिखल की पाणी? आम्ही पिढ्यानपिढ्या इथं राहतो, आम्हाला सांगता येत नाय, आणि तिकडं खुर्चीवर बसून त्यांनी ठरवून टाकलं.

व्हिडिओ बघितलात ना? सगळ्या रायगडनं बघितला. मी सुरुवातीला रोज बघायचो, मग वहिनीनं फोन तांदळाच्या डब्यात लपवला. त्यात ऐकू येतं — प्रविण बोलतो, हात वर कर. वर ये. आणि दादूस हसतो. हसतो ऐकलंत ना? बोलतो, अरे बाबा, भरती उतरू दे, मग येतो तुझ्यासंगं, चहा पाजतो तुला. परत तो — हात वर! दादूस बोलतो, हात वर केले तर तू बुडशील काय? माझा भात बुडंल. असाच होता तो, काळुराम. लग्नात भटजीला पण असाच बोललेला, मंगलाष्टकं आवरा, ओहोटी लागलीय, मासळी जाईल.

पोलीस का आले? आता तेच तर. पलीकडं कोळंबीची तळी केलीत एकानं. त्याला खारं पाणी आत पाहिजे, आम्हाला बाहेर पाहिजे. त्यानं फोन केला, एक माणूस पहार घेऊन अंगावर येतो. पहार होती, खोटं नाय. ही काय, बांधात ठोकलेली — फळीला टेका द्यायला. दादूसचा एक हात पहारीला, एक फळीला, पाठ मधी. म्हंजे बघणाऱ्याला काय दिसणार? हातात पहार. सांगितलं तरी सोडत नाय. तीनदा सांगितलं. तीनदा! नियम पाळला हो त्यानं, अगदी मोजून पाळला.

तुम्ही एक करा. या इकडं, ह्या दगडावर पाय ठेवा, तो हलत नाय. आता फळीला हात लावा. असा नाय, तळवा. लागतंय? ती धडधड? ती खाडी हाय. आख्खी खाडी. आता मी हात वर केले तर — नाय नाय, घाबरू नका, करत नाय. पण केले तर ही फळी माझ्या पाठीत येणार, आणि मागून पाणी. दादूसला करंट बसला, अंग लाकडासारखं झालं, हात आपोआप सुटले. फळीनंच पाडला त्याला. तोंड चिखलात. वरून पाणी. प्रविण पण उतरला म्हणतात, ओढला त्यानं, बूट अडकले त्याचे. पेणच्या दवाखान्यात नेताना वाटेवरच गेला दादूस. शेत पण गेलं, ते समोर पांढरं दिसतंय ना, मिठानं, तेच. तीन वर्सं तिथं गवत नाय उगवायचं.

मी कंपनीत होतो. फोन गेटवर ठेवून घेतात. शिफ्ट सुटली तेव्हा कळलं. आमच्यात तशीच रीत हाय मॅडम — फळीला जो उभा असतो त्याला वाईट बातमी द्यायची नाय. घरात मयत झालं तरी नाय. भरती उतरली की सांगायचं, कारण माणूस हबकला की पाठ सुटते. प्रविण बाहेरचा, त्याला काय ठाऊक. पण दादूस बोलत होता ना त्याला! सांगत होता ना! ऐकून घ्यायला काय करंट लागतो?

माझं एकच म्हणणं हाय. तुमच्या कागदात एक ओळ टाका. तीनदा ओरडायच्या आधी एकदा बघा. माणसाच्या हातात काय हाय, ते त्यानं सोडलं तर कोणाचं काय पडंल. बस. कठीण नाय ते. मला जमलं, तर त्यांना का —

काय? नाय, काय नाय. असंच बोललो.

रोह्याला? कोण बोललं तुम्हाला रोह्याला गेलेलो म्हणून? ... गेलेलो. दिवस घातल्यावर. प्रविण रोह्यात राहतो, नदीकडं. कोयता होता शर्टाखाली — भात कापायचा, दादूसचाच. डोकं ठिकाणावर नव्हतं हो. एस्टीत उभाच गेलो, बसलो तर टोचायचा. आणि हा समोर, बनियनवर, पोरीला सायकल शिकवतोय. एवढीशी पोर, पाय पण पोचत नव्हते. एक हात सिटाला, एक हँडलला. बाजूला नदीच्या पायऱ्या. मी ओरडलो — हात वर कर! मला बघितलं त्यानं. ओळखलं. तोंड पांढरं पडलं त्याचं, ह्या शेतासारखं. मी परत ओरडलो. कोयता काढला होता मी. त्यानं हात नाय काढले, मॅडम. पळाला पण नाय. पोर बोलते, बाबा, सोडू नको हां.

तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याच्या हातांकडं बघितलं. कोयता परत शर्टाखाली घातला.

परत आलो. कोयता खांब गावाच्या पुढं कुठंतरी एस्टीच्या खिडकीतून टाकला.

लिहिलंत काय ते? ... लिहा. माझं नाव रघू. तुमच्याकडं असंल त्याला पण नियम, तर लावा. पण ती माझी ओळ वर लिहा, पहिली.

आता उठा. बांधावरची वाट थोड्या वेळात पाण्याखाली जाते, मग तुम्हाला उचलून न्यायला माणूस नाय इथं. नाय, आता काय विचारू नका. पाणी भरात आलंय. बोललो की पाठ सैल पडते.