मोठा काटा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मनगटावर काळ्या तबकडीचं भलंमोठं घड्याळ होतं.

“हात किती हलवतोयस रे! मला गरगरायला लागलंय.”

“ताई, हे हाताच्या हालचालीवर चालतं. आत जाताना बाबा म्हणाले, बंद पडू देऊ नकोस.”

“वैमानिकाचं घड्याळ म्हणे! जन्मात विमानात बसले नाहीत आणि मनगटावर हे महागडं धूड. एवढ्या पैशांत आईचं अख्खं स्वयंपाकघर नवं झालं असतं.”

“आईसाठीच घेतलंय. आकडे अंधारात चमकतात. रात्री तिच्या औषधाची वेळ बघायला दिवा लावावा लागत नाही.”

“मला कधी बोलले नाहीत ते.”

“तू कधी विचारलंस? आल्यापासून धूडच म्हणतेयस.”

“अरे... अरे, थांबलंय हे! सेकंदाचा मोठा काटा हलत नाहीये!”

“हळू बोल. तो थांबलेलाच असतो. बाजूचं बटण दाबलं, तरच वेळ मोजायला सुटतो. चालू सेकंद त्या छोट्या चकतीत बघ.”

“कुठे? हां. फिरतोय. फिरतोय ना रे?”

“फिरतोय. खरं सांगू? काढून ठेवलं तरी उद्यापर्यंत चालेल.”

“मग मघापासून हात कशाला हलवतोयस?”

भाऊ हात हलवतच राहिला. दार उघडलं. दोघं ताडकन उठले. नर्सने दुसऱ्याच कोणाच्या नातेवाइकांना हाक मारली. दोघं परत बसले.

“काढ ते. दे इकडे.”

“कशाला?”

“तुझा हात दुखला असेल. आता मी हलवते.”