कापराच्या वासाची गाडी

माझं माहेर आटपाडीकडचं, पार कोरडं रान, पानी आलं म्हनलं की घागरी घेऊन टँकरच्या मागं पळायचं, आन दिलं मला विट्याजवळच्या गावात, तिथंबी पान्याचं तसलंच, पन सासरची मान्सं गलाईवाली. गलाई म्हंजी तुमाला म्हाईत असंल, जुनं दागिनं, सोनारांच्या दुकानातला केर, समदं आटवून ॲसिडात घालून त्यातनं चोख सोनं काढायचं. आमच्या भागातली निम्मी मान्सं त्याच धंद्यात, कोन दिल्लीला, कोन मदुराईला, आमचं मालक तामिळनाडूत सेलमला. लगीन झालं आन चौथ्या म्हयन्यात मी सेलमला गेले, मला तवा कराड सुदिक म्हाईत न्हवतं. काय सांगू तुमाला, तीस वर्सं काढली तिथं, फुडच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आमी, मधी एक पडदा. पडद्याच्या अलीकडं माझी चूल आन पलीकडं त्येंची भट्टी.

त्या ॲसिडाचा धूर निघतो, तांबडा-पिवळा, नरड्याला झोंबतो नुसता. सोन्याचं काम म्हनून खिडकी लावून बसायचं, तोंडाला रुमाल बांधला की झालं, तवा कोन काय बोलायचं न्हाई, समदेच तसं करायचे. तर पयलं काय गेलं, तर त्येंच्या नाकाचा वास गेला. कसं कळलं, मी बाजारला गेले व्हते, आले तर दूध करपून खोली धुरानं भरलेली, आन हे दोन हातावर बसून वजनं पुसत्यात. मी म्हनलं आवं, वास न्हाई का आला? तर म्हनले, कसला? मी पळत जाऊन भांडं उतरवलं. मग मला म्हनले कुनाला सांगू नगंस शालन, पारखीचा धंदा हाय आपला, नाक गेलं म्हनल्यावर लोक म्हनतील ह्येची पारखबी गेली. न्हाई सांगितलं मी. पोराला सुदिक सांगितलं न्हाई. भाजी नासली का, ग्यास सुटला का, ते समदं मी हुंगायची आन त्येंना हळूच सांगायची, तशी सवयच पडली आमाला.

मग खोकला लागला, मग दम लागाया लागला. संतोष, आमचा पोरगा, दुकान बघाया लागला आन आमी दोघं गावाकडं आलो. मिरजंला डॉक्टरनी फोटो काढला, म्हनले फुफ्फुसं गेल्यात, गेलेली परत येत न्हाईत, हाय तेवढं सांभाळा. दर पंधरा दिसाला तिथं दावायला जायचं. आता एसटीची पायरी चढायची म्हनलं तर दोन पायऱ्यांवर त्येंचा जीव कासावीस. मग शेजारची जीप सांगायची, शेजारची मान्सं बगलंत हात घालून उचलून बसवायची, आन हे मान खाली घालून बसायचे. लय मानी मानूस. कवा कुनाच्या दारात गेला न्हाई, आन आता दोघं-दोघं उचलत्यात, ते त्येंना मरनापरास वाईट वाटायचं. मला दिसत व्हतं की.

तर एक दिस मला म्हनले, शालन, मला चालता येत न्हाई, पन बसता येतंय का न्हाई? म्हनलं येतंय. मग म्हनले गाडी काय, बसूनच चालवायची, पायानं नुसतं दाबायचं. सेलमात गाडी चालवायचेच हे, हात चांगला व्हता. गोठ्यापातूर जायचं तर तीनदा टेकायचे, पन गाडी आसंल तर मी मिरजंला जातो म्हनले, कुनाचा हात लागाया नको. ते डोक्यात शिरलं आन मग दुसरं बोलनंच न्हाई. संतोषला फोन केला तर तो वरडला, बाबा, तुमी चालवनार? भाड्यानं घ्या, मी पैसं पाठवतो. ह्यांनी फोन खाली ठेवला. चार दिस त्येच्याशी बोलले न्हाईत.

नवी गाडी घ्यायची आमची ऐपत न्हाई आन घेऊन तरी किती वर्सं चालवायची. तवा पलीकडच्या गावच्या पोपटची गाडी इकायची हाय आसं कळलं. तोबी गलाईवाला, सेलमातच, वळखीतला. पांढरी, डिझेलवरची, सात मान्सं बसत्यात. मीटरवर दोन लाख ऐंशी हजार. समदी म्हनली नका घेऊ, एवढी पळाल्याली गाडी म्हंजी काय राह्यलंय तिच्यात. पन पोपट सरळ मानूस, म्हनला काका, मीटर मागं फिरवला न्हाई, आपल्या मान्सांस्नी काय फसवायचं, सेलमच्या किती खेपा झाल्या त्या तुमीच मोजा. ह्यास्नी ते बोलनं आवडलं. विट्याच्या मिस्त्रीला फोन लावला, तो म्हनला दोन दिस थांबा, मी येतो बघाया. हे कुठलं थांबत्यात. फोनवरच काय काय इचारून घेतलं आन मला म्हनले चल. मिस्त्री काय म्हनला ते मी काय ऐकलं न्हाई, फोन त्येंच्या कानाला व्हता.

गेलो. ह्यांनी ऑइल बघायची ती पट्टी काढली, दोन बोटावर ऑइल चोळलं आन उन्हात धरून बघत बसले, सेलमात सोनं बघायचे तसं. मला लय बरं वाटलं वो, लय दिसांनी त्येंना पारख करताना बघत व्हते. मग हे गाडी चालवायला बसले, पोपट शेजारी, मी मागं, मांडीवर ह्यांचं ऑक्सिजनचं लहान नळकांडं. बसले आन मला कापराचा वास आला, दाट, नाकात बसनारा. आन मागच्या सीटचं तेवढं कव्हर नवं. ह्यांनी गाडी देवळाच्या चढाला घातली, तर कापराखाली आनखी कायतरी, जळकं, धग लागल्यासारखं. आन तेवढ्यात ह्यांनी मान वर करून दोनदा मोठ्यानं नाकानं वढलं, आन पोपटला म्हनले, वास न्हाई, जळकं काय न्हाई, चांगली हाय गाडी.

आता तुमी सांगा मी काय करायचं? त्येंना ताजा गू नाकाखाली धरला तरी वास येत न्हाई, हे मला म्हाईत, आन हे त्या पोराफुडं पारखी व्हऊन बसल्यात. मी म्हनलं असतं आवं, मला येतोय जळका वास, म्हंजी त्येंची गेलेली इज्जत मीच वेशीवर टांगली असती. वीस वर्सं झाकलं ते एका गाडीपायी उघडं करू? गप बसले मी.

परत आलो तर पोपटची आई, अनुसया, मला आत च्याला घेऊन गेली. कपाळ मोकळं तिचं. मी म्हनलं, दादा कवा गेले वो? तर म्हनली, आवं, ह्याच गाडीतनं आनलं त्येंना. तिकडंच गेले, सेलमात, पन माती गावातच व्हायला पायजे म्हनायचे, म्हनून पोरानं मागं झोपवलं, डोस्कं माझ्या मांडीवर, अंगावर पांघरून. पंधरा तास. टोलवर कोन वाकून बघितलं की मी म्हनायची, झोपल्यात. गाडी हालली की त्येंचा हात खाली पडायचा, मी उचलून छातीवर ठेवायची आन म्हनायची, झोपल्यात. मग म्हनली, आनल्यावर दहा दिस गाडीत कापूर लावला, धूप घातला, तरी पोरगं त्यात बसाया तयार न्हाई, म्हनून इकायची.

म्हंजी मला वाटलं झालं, कळलं, ते जळकं म्हंजी धूप. घरी जाताना शेजारच्या जीपमदी मालक माझ्या कानाशी आले आन म्हनले, शालन, खरं सांग, वास कसला आला? बघा, बाहेर किती ताठा, पन मला इचारलं. मी म्हनलं कापराचा. म्हनले आनखी? मी म्हनलं धुपाचा. म्हनले जळका? मी म्हनलं धूपच तो, जळलेला. त्येंनी मान हलवली. मग म्हनले, पोपटच्या बापाला त्यातनंच आनला ना, मी ऐकलंय. मी म्हनलं व्हय, आन म्हनूनच नको ती गाडी. तर म्हनले, अगं आपल्याला त्येची कशाला भीती, आपन आधीच घरी हाय, आपल्याला कुठनं आनायचंय.  घेतली गाडी.

पयले चार-पाच दिस, खोटं कशाला बोलू, बरे गेले. मला घेऊन आटपाडीला गेले, माझ्या भावाच्या दारात जाऊन हारनच दाबून धरला, भाऊ पळत भाईर आला तर हे काच खाली करून कोपर भाईर काढून बसल्यात, राजावानी. उतरले न्हाईत, उतरलं की दम लागतो ना, गाडीतच बसून च्या प्याले. भावाला वाटलं ताठा आला. मी हसले मनात. लग्नात सुदिक मानूस एवढा खूस बघितला न्हवता मी.

मग मिरजंला दावायला जायचा दिस आला. सकाळी लवकर निघालो. तासगावच्या अलीकडं एक चढ हाय, तिथं गाडी नुसती वरडाया लागली, इंजन मोठ्यानं गुरगुरतंय आन गाडी काय फुडं सरकंना. आन मला वास आला. मी म्हनलं कोन तरी पाचट जाळतंय वाटतं. हे म्हनले कुठं? मी दोनी बाजूला बघितलं तर समदा ऊस हिरवागार उभा, कुठं धूर न्हाई. तवर गाडीखालनं धूर वर आला. ह्यांनी गाडी कडंला घेतली, पाय काढला, आन शांत आवाजात मला म्हनले, शालन, हाच वास व्हता का त्या दिशी? मी म्हनलं व्हय. म्हनले मिस्त्री म्हनला व्हता, चढाला घाला आन जळका वास आला तर क्लच गेलाय, गाडी घेऊ नका. बास, एवढंच म्हनले. चिडले असते तर बरं झालं असतं. वास कशाचा ते त्येंना म्हाईत, पन नाक न्हाई. नाक मला हाय, पन वास कशाचा ते मला म्हाईत न्हाई. दोघं मिळून एक मानूस व्हतो आमी, आन त्या एका दिशी मी गप बसले.

उन्हात उभी राहून मी हात करत व्हते, गाड्या थांबंनात. नळकांड्याचा काटा खाली खाली. शेवटाला डाळिंबाचा एक टेम्पो थांबला, आटपाडीकडचाच, त्यातल्या दोघांनी ह्यांना बगलंत हात घालून उचललं आन क्रेटच्या मधी बसवलं. ज्येच्यासाठी गाडी घेतली तेच झालं. हे माझ्याकडं बघत न्हवते, डोळं मिटून घेतलं व्हतं. टेम्पोवाल्यानं इचारलं मावशी, लय शिरेस हाय का वो? माझ्या तोंडातनं काय यावं, झोपल्यात. अनुसयाचाच शब्द.

अकरा दिस दवाखान्यात काढलं. उन्हातान्हाचं, टेम्पोतल्या धुळीचं, जे व्हायचं ते झालं, व्हता तो दमबी गेला. डॉक्टर म्हनले घरी न्या, मशीन लावून ठेवा. आता चोवीस तास नळी नाकात, आन नाकाचा त्येंना तेवढाच उपेग. मिस्त्रीनं गाडी दुरुस्त करून दारात आनून लावली, क्लच नवा घातला, आन खाटंजवळ येऊन म्हनला काका, आता लाखभर किलोमीटर बघायचं काम न्हाई. हे हसाया लागले, असं हसले, असं हसले की व्हट निळं पडलं आन मीच घाबरले. त्या बिचाऱ्याला कळंना आपन काय बोललो.

संतोष म्हनतो इकून टाका. मी म्हनते राहू दे, त्येंच्या डोळ्याफुडं हाय तवर राहू दे. रोज सकाळी मी जाऊन किल्ली फिरवते, पाच मिन्टं चालू ठेवते, न्हाई तर बॅटरी उतरती म्हनत्यात. हे खाटंवरनं आवाज ऐकत्यात. बंद करून आत आले की इचारत्यात, जळका आला का? न्हाई. डिझेलचा? जरासा. आता समदं शिकवलंय मला, कुठला वास कशाचा, आता शिकून काय उपेग पन शिकले. तुमी कवा जुनी गाडी घेतली तर बायकोला संगं न्या, आन ती काय बोलली तर चार मान्सात बोलली म्हनून राग धरू नका. च्या घ्या की, निवला तो.

आन शेवटाला रोज एकच इचारत्यात, कापराचा गेला का गं? मी म्हनते गेला. गेला न्हाई, तुमी जाऊन दार उघडून बघा, तसाच हाय. पन मी म्हनते गेला, त्येंना काय कळतंय. तर परवा मला म्हनले, खरंच गेला? म्हनलं व्हय वो, गेला. मग नाकातली नळी नीट केली आन म्हनले, मग बाजारातनं थोडा आनून ठेव, लागंल. आनलाय मी. पिठाच्या डब्यामागं लपवून ठेवलाय, त्येंना वास येत न्हाई तरी.