ओंडका

नेपाळातल्या बेनी गावाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्यापुढे धरणाच्या गेटमनची बायको मनसरा बसली होती. तिच्या शेजारी त्या धरणाचे इंजिनियर होते; त्यांना ती दाइ, म्हणजे दादा, म्हणत होती. खाली नदी गढूळ होऊन चढत होती.

"दाइ, तुमचा स्वस्तातला दरवाजा पुरात खरंच आपोआप पडतो?"

"पडतो, बहिनी. मोटर नको, वीज नको. पाण्याच्या जोरानेच आडवा होतो."

"आणि ओंडका अडकला तर?"

"मग कुणीतरी जाऊन काढावा लागतो."

"कुणीतरी म्हणजे माझेच हे ना? थांबा, त्यांचाच फोन! हॅलो? दरवाजावर कशाला चढलात? दाइ, ओंडका अडकलाय. माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगा!"

"खिमबहादुर, मी इंजिनियर बोलतोय. दरवाजा मोडू दे. आधी वर पळ! पळ म्हणतो ना!"

"आले का वर? दाइ, बोला ना!"

"आला. दरवाजा गेला वाहून. घे, बोल त्याच्याशी. रडतोय तो."