खोक्यातली खडखड

राजेंद्र नगरच्या कुरियर ऑफिसात रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. मुलीने खोका कानाशी धरून हलवला.

"आई, आज अजिबात खडखडत नाही. बबल रॅप लावलंस ना?"

"थोडं लावलं. बाकी बाटल्यांच्या मधे शेवेची पाकिटं खोचली."

"फिर से? अगं, ऑर्डर फक्त जिरावन मसाल्याची आहे."

"बाटलीला बाटली लागायला नको, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"हो, पण शेवेचा चुरा होतो."

"होऊ दे. पोह्यावर चुराच चांगला लागतो."

"आई, बिझनेस असा नसतो. पॅकिंग म्हणजे लोक खोका उघडून फेकून देतात ते."

"फेकायचंच असेल तर घालायचं कशाला, मैत्री?"

"तुला समजावणं बेकार आहे. थांब, नागपूरच्या काकूंचा मेसेज आलाय. मागच्या महिन्यात ज्यांना पार्सल गेलं होतं त्या."

"काय झालं? बाटली फुटली का?"

"नाही. लिहिलंय, 'मसाला अजून आहे. पॅकिंग संपलं. अर्धा किलो पाठवा.'"